डोबेलकाका आणि त्यांचा खाणारा

"सगळा खाल्लास ना?"

सोमवारी सकाळी कॉफीच्या यंत्रापाशी काकांचा हा प्रश्न यायचाच. आधी नमस्कार नाही, रविवार कसा गेला ही चौकशी नाही. एका हातात कप, दुसऱ्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत राहायचा, बोटाला अजून खवला चिकटल्यासारखा.

"सगळा," मी म्हणायचो.

"शेपटीकडचा?"

"तिकडे काट्यांशिवाय काही नसतं, काका."

"ते मला माहीत आहे. खाल्लास का, ते विचारतोय."

शेजारी उभ्या जर्मन सहकाऱ्यांना वाटायचं, ब्रेकच्या चाचणीबद्दल काहीतरी गंभीर चाललंय. काकांचा चेहरा तसाच असायचा. नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात ते चाचणी विभागात होते, पन्नाशी ओलांडलेले, आणि अहवाल अर्धवट आला की ज्या नजरेने बघायचे, त्याच नजरेने ते माझ्या जेवणाची चौकशी करायचे. आम्ही मराठी पोरं त्यांना त्यांच्यामागे डोबेलकाका म्हणायचो. डोबेल हा तिकडच्या नद्यांमधला मासा. जाड पाठ, मोठं तोंड, पांढरट ओठ, लालसर पर, आणि स्वभावाने कमालीचा संशयी.

आता गंमत ऐका. डोबेलकाकांनी आयुष्यात मासा खाल्लेला नव्हता. अंडंसुद्धा नाही. कोणाच्या वाढदिवसाला केक आला, तर वेष्टनावरचा सगळा मजकूर वाचल्याशिवाय तो तोंडात घालत नसत.

तुम्ही म्हणाल, मग हा माणूस मासे धरायला जायचाच कशाला. मीही हेच विचारलं होतं, आणि जरा फटकळपणेच.

त्याचं उत्तर त्यांनी अगदी साधं दिलं. त्यांचे घरमालक एकदा त्यांना याग्स्ट नदीवर घेऊन गेले होते. याग्स्ट म्हणजे नेकारला येऊन मिळणारी लहानशी नदी, आमच्या कारखान्यापासून गाडीने फार लांब नाही. "मी पावाचे तुकडे टाकत बसलो होतो," काका म्हणाले. "एक डोबेल येऊन एकेक खात होता. मालकांनी त्यातल्याच एका तुकड्यात गळ लपवून सोडला. मासा वर आला, त्याच्याकडे बघितलं आणि वळून गेला. पलीकडचा तुकडा मात्र खाल्ला. आता त्याला कळलं कसं? आल्झो, मी म्हटलं, हे प्रकरण आता सोडायचं नाही."

'आल्झो' म्हणजे जर्मन लोकांचं 'तर मग'. काकांच्या तोंडी तो शब्द आला, की समजायचं, निर्णय झाला.

पण जर्मनीत काठी घेऊन नदीवर बसलं आणि मासे धरले, असं होत नाही. आधी वर्ग, मग परीक्षा, मग परवाना, मग त्या त्या नदीचं वर्षाचं कार्ड. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक नियम आहे. प्राण्याला इजा करायची तर तुमच्याकडे समंजस कारण पाहिजे. मजा हे कारण नाही. खाणं हे कारण आहे. अगदी लहान मासा सोडता येतो. पण खाण्याजोगा मासा हाती आला, तर तो तिथेच, नीट, एका घावात मारायचा आणि खायचा. फोटो काढून परत पाण्यात सोडला, तर ती दया नाही, गुन्हा आहे.

वर्गाच्या पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याने प्रत्येकाला विचारलं, तुम्ही इथे का आलात. काका उभे राहिले आणि म्हणाले, "मी मासे खात नाही. पण मला डोबेल धरायचा आहे." वर्ग हसला. शिकवणारा हसला नाही. त्याने विचारलं, "मग धरलेल्या माशाचं काय करणार?" काका म्हणाले, "पुढच्या वेळी सांगतो."

आणि सोमवारी ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"तू मासे खातोस ना रे?"

"खातो."

"नदीतले? काट्याचे?"

माझे वडील उजनीच्या फुगवट्यावर जाळी टाकतात. मी आमच्या घरातला पहिला कॉलेजात गेलेला, पहिला इंजिनिअर आणि पहिला विमानात बसलेला. मी कुठून आलो ते मी कधी लपवत नाही. पण ते दुसऱ्याने परस्पर वापरायला घेतलं, तर मला चालत नाही.

"तुम्ही मारणार आणि मी खाणार, असं आहे का?" मी म्हणालो. "माझी जात बघून विचारताय?"

दुसरा कोणी असता तर गडबडला असता, छे छे, तसं नाही म्हणाला असता. काका हलले नाहीत.

"डबा बघून विचारतोय," ते म्हणाले. "मागच्या आठवड्यात तू सुकट आणली होतीस. अर्धा मजला खिडक्या उघडून बाहेर गेला. तू मान वर न करता जेवलास, डबा पुसून घेतलास. मला असा माणूस पाहिजे."

मला हसू आलं. मी अट घातली, साफ तुम्ही करायचा. ते म्हणाले, "मारणारही मीच. ते दुसऱ्यावर ढकलणार नाही." अशा रीतीने मी जर्मनीत एका माणसाचं समंजस कारण झालो.

काका परीक्षा पहिल्याच फटक्यात पास झाले. ते होणारच होतं. त्या हिवाळ्यात त्यांच्या घरी गेलं की काकू वैतागलेल्या असायच्या. "अहो, जेवताना तरी ती पुस्तकं बाजूला ठेवा. पानात भाजी आणि शेजारी माशाच्या पोटाचं चित्र, कसं जायचं घशाखाली?" काका पान उलटायचे. ते चित्रही माशाचंच असायचं.

उन्हाळ्यात आम्ही रविवारी पहाटे निघायचो. डोबेलला काठावरची पावलं कळतात, म्हणून काका गाडीपाशी बूट काढून नुसत्या मोज्यांनी गवतातून चालायचे. मलाही काढायला लावायचे. दवाने मोजे ओले व्हायचे, मग दिवसभर आम्ही दोघं तसेच. काठी, बारीक दोरी, त्यावर शाईच्या पेनाएवढं एक तरंगणारं बूच, खाली गळ. बूच पाण्याबरोबर सोडून द्यायचं. काकांचं कौशल्य एवढंच होतं, की ते बूच अधूनमधून किंचित रोखून धरायचे. मग खालचं आमिष बुचाच्या पुढे जातं, आणि माशाला आधी आमिष दिसतं, दोरी नंतर.

"घाई नको," ते पुटपुटायचे. "आधी पाणी कुठे जातंय ते बघ."

आमिष म्हणून पावाची कड, जूनमध्ये चेरी, आणि काकांचा स्वतःचा शोध म्हणजे हिंग घातलेली कणीक. ती काकूंच्या परातीतून यायची. "पोळ्यांची कणीक माशाला देताय," काकू म्हणायच्या, "आणि तो मासा तरी तुम्ही खाता का?" तरी शनिवारी संध्याकाळी झाकण लावलेली एक वाटी ओट्यावर तयार असायची.

पहिला डोबेल मिळाला त्या दिवशी काकांनी तो शिकवल्याप्रमाणे मारला. डोक्यावर एक घाव, मग सुरीचं टोक. नंतर ते बराच वेळ पाण्यात हात घालून बसले. मी म्हटलं, जाऊ या का. ते म्हणाले, "चल." मला वाटलं, संपलं, हा माणूस आता परत येणार नाही. पुढच्या रविवारी पहाटे त्यांची गाडी माझ्या दारात उभी होती.

सगळेजण त्यांना सल्ले द्यायचे. आमच्यातलाच एकजण एकदा म्हणाला, "काका, हळूच सोडून द्यायचा, कोण बघतंय? उलट पुण्य लागेल."

"आधी त्याच्या तोंडात गळ अडकवायचा, मग सोडून पुण्यही घ्यायचं?" काका म्हणाले. "दोन्ही हातांनी जेवायची सवय नाही मला."

आता खाणाऱ्याचीही बाजू ऐका. डोबेल चवीला चिखलासारखा लागतो, आणि काटे असे की प्रत्येक घास म्हणजे संशोधन. तिकडचे लोक तो मांजराला देतात. मी आईला फोन केला. तिने सांगितलं, धारदार सुरीने दोन्ही अंगांनी एकमेकींना लागून आडव्या चिरा दे, अगदी मणक्यापर्यंत, मग हळद, तिखट, चिंच लाव आणि भरपूर तेलात कडक तळ. बारीक काटे तळून कुरकुरीत होतात. झाले. चिखल मात्र चिखलच राहिला.

वडिलांनी फोन घेतला. "किती गावले?"

"एक."

"एक पाटी?"

"एक मासा."

"दिसभरात? दोघं मिळून? आरं, तिकडं जाळं न्हाई व्हय?"

काकांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "तुझ्या वडिलांचं बरोबर आहे," म्हणाले. "त्यांना मासे पाहिजेत. मला तो पाहिजे."

'तो' म्हणजे मोठा. जुन्या गिरणीच्या बांधाखाली एक अल्डरचं झाड पाण्यावर वाकलेलं होतं, त्याच्या मुळांत तो राहायचा. पुलावरून दिसायचा, काळसर पाठ, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब, कदाचित जास्तच. काकांनी त्याच्यासाठी दोन उन्हाळे घालवले. चेरी नाकारली, पाव नाकारला, हिंगाची कणीक त्याने तोंडात घेऊन थुंकली. काका हे सगळं मन लावून सांगायचे, स्वतःच्या पराभवाची त्यांना लाज नव्हती. पण तिसऱ्या वर्षी त्यांचं सांगलीला परतायचं ठरलं. त्यांचे वडील थकले होते, काका एकुलते एक असल्यामुळे त्यांना जावंच लागणार होतं, आणि मार्चची तिकिटं काढून झाली होती. म्हणजे तो उन्हाळा शेवटचा.

"आल्झो," काका म्हणाले. "या वर्षी."

सगळा जुलै पावसात गेला, नदी गढूळ. पाणी निवळायला लागलं तेव्हा काकांनी शुक्रवारी मला गाठलं. "रविवारी लवकर निघू. पाणी अगदी हवं तसं आहे."

"काका, उद्यापासून श्रावण."

"मग?"

"मी श्रावणात खात नाही."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "तू पाळतोस? अरे, पण तू तर खाणारा."

"खाणाराच पाळतो. न खाणाऱ्याला काय पाळायचं असतं?"

या माणसाने जर्मन कायद्याचं कलम अन् कलम पाठ केलं होतं, डोबेल कुठल्या पाण्यात काय खातो ते त्याला माहीत होतं. पण ज्याच्या घरी बारा महिने एकच स्वयंपाक, त्याच्या डोक्यात हे कुठून येणार? शिवाय काका गेले दोन श्रावण सुट्टीला सांगलीत होते, त्यामुळे प्रश्न आलाच नव्हता.

"फ्रीजात ठेवला तर?" ते म्हणाले.

माझ्या फ्रीजातला बर्फाचा कप्पा एखाद्या पुस्तकाएवढा होता. मी म्हटलं, दोन बर्फाचे साचे आणि मटारचं पाकीट, एवढंच मावतं.

"आणि श्रावण संपला की?"

"मग गणपती. विसर्जनापर्यंत नाही."

"आणि नंतर पितृपक्ष."

"त्यात आमच्याकडे चालतं. आमच्या पितरांना आवडायचे मासे."

काकांनी खुर्ची ओढली आणि बसले. "मला एक सांग," म्हणाले, "तू मांसाहारी नक्की असतोस कधी?"

मी म्हटलं, दुसरा खाणारा शोधा. त्यांनी नाही शोधला असं नाही. दोन मराठी घरांनी काट्यांना हात जोडले. एका जर्मन सहकाऱ्याने विचारलं, मांजर चालेल का. काकांना मांजर चालेना. मग रविवारी पहाटे ते नेहमीसारखे माझ्या दारात हजर.

"मी खाणार नाही म्हटलंय," मी म्हणालो.

"ऐकलंय. बूट घाल."

नदीवर त्यांनी नेहमीसारखीच काठी लावली, बूच लावलं, आणि गळाच्या जागी नुसती गाठ मारली. गाठीला पाव चिकटवला आणि सोडलं. डोबेल यायचे, पाव ओढून न्यायचे, बूच बुडायचं, काका नुसते बघायचे. अख्खा श्रावण असाच गेला. एकदा नदीवरचा तपासनीस आला, हिरव्या टोपीचा. त्याने कार्ड बघितलं, दोरी वर घ्यायला सांगितली आणि गाठ बोटांत धरून उलटसुलट केली.

"गळ कुठे आहे?"

"लावलेला नाही," काका म्हणाले.

"मग तुम्ही करताय काय?"

"याचा एक महिना उपास आहे," माझ्याकडे बोट दाखवून काका म्हणाले.

तपासनिसाने माझ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं, आमच्या ओल्या मोज्यांकडे बघितलं. "गेनाऊ," म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर, आणि निघून गेला. मागे वळून दोनदा बघितलं मात्र.

मी काकांना विचारलं, असंच का नाही खेळत कायम? कोणाला त्रास नाही, मला काटे नाहीत. ते म्हणाले, "यात त्याचं काही जात नाही आणि माझंही नाही. हे बघणं झालं. धरणं नव्हे." पण त्या बघण्याने त्यांना एक गोष्ट समजली. मोठा डोबेल मुळांतून बाहेर यायचा तो झाडाची सावली पलीकडच्या दगडाला टेकली की. आणि पाव अगदी तळाशी, वाळूला घासत गेला तरच घ्यायचा.

त्यापुढच्या मार्चमध्ये ते परत गेले. मी विमानतळावर सोडायला गेलो होतो. वडिलांचं सगळं त्यांनी निभावलं आणि मग दोनेक वर्षांनी स्वतःच गेले. काकूंनीच फोन करून सांगितलं. म्हणाल्या, "तिथे कृष्णेच्या घाटावर रोज जाऊन बसायचे. नुसते." मला ते सांगलीतले काका काही केल्या डोळ्यांपुढे येत नाहीत. मला दिसतो तो विसर्जनानंतरचा रविवार.

सावली दगडाला टेकली होती. काका गवतात गुडघ्यांवर होते. या वेळी गळ होता. बूच झाडाखाली गेलं, त्यांनी ते किंचित रोखलं, सोडलं, परत रोखलं. मग बूच दिसेनासं झालं. काठी कमान झाली. मासा सरळ मुळांकडे निघाला आणि काकांनी त्याला जाऊ दिलं नाही. ओरडले नाहीत, उठले नाहीत, दात आवळून नुसतं धरून ठेवलं. मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या. मला वाटलं, दोरी आता तुटणार.

"जाळी," ते म्हणाले. "पाण्यात धर. तू हलवू नकोस, त्याला येऊ दे."

तो आला. मी त्याला गवतावर काढला. एकेका खवल्याला काळी किनार, ओठावर जुन्या जखमेचा पांढरा वण. कल्ले उघडत मिटत होते. मी मासे मारणाऱ्या घरातला, मला असलं काही होत नाही. पण मी म्हणालो, "काका, एवढ्यापुरतं सोडू या का?"

त्यांच्या हातात लाकडी दंडुका होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही.

"तू खाणार नसशील, तर आत्ता सांग," ते म्हणाले. "मी गळ टाकला तो तुझ्या शब्दावर. तू नाही म्हणालास, तर मी याला विनाकारण त्रास दिला. मग काठी इथेच मोडतो. पण लवकर बोल, तो तडफडतोय."

"खाईन," मी म्हणालो.

एक घाव. मग सुरी.

नेहमी ते मासा साफ करून, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात द्यायचे आणि घरी जायचे. त्या दिवशी गाडी बंद करून माझ्याबरोबर जिना चढले. मागच्या सीटवरचा स्वतःचा डबा घेतला होता. काकूंना फोन केला, उशीर होईल म्हणाले. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं, "बसा खुशाल. घरात यायच्या आधी शर्ट बाल्कनीत काढा म्हणजे झालं."

मी चिरा दिल्या, मसाला लावला. मासा कढईत मावेना, तीन तुकडे केले. माझ्या स्वयंपाकघरात धूर झाला. काका खिडकी उघडून टेबलाशी बसले, रुमाल नाकाला लावला नाही. मी ताट घेऊन समोर बसलो. त्यांनी डबा उघडला, दहीभात होता.

"कसा लागतो?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलणं मला जमत नाही. "चिखल," मी म्हणालो. "लिंबाने जरा बरा."

"एवढा मोठा होऊन?"

"मोठ्याला जास्तच असतो."

ते हसले, आणि मग हसू थांबलं. "मला वाटलं होतं, हा तरी चांगला असेल," म्हणाले.

मी खात राहिलो. एकेक काटा जिभेने शोधायचा, काढायचा, ताटाच्या कडेला लावायचा. दहीभाताला वेळ लागत नाही. पण काका शितंशितं खात होते, माझ्या घासाला त्यांचा घास. तरी त्यांचा डबा संपला. मला वाटलं, आता उठतील, हात धुतील. पंगतीत शेवटच्याचं होईपर्यंत उठायचं नसतं, तसे ते बसून राहिले. बोटांवरचं दही पांढरं वाळून गेलं. माझ्या ताटात अजून शेपटीकडचा तुकडा होता. मी त्यांच्याकडे बघितलं.

"सावकाश होऊ दे," ते म्हणाले.